उदगीरच्या लॉजमधला समुद्र

माशाच्या टाकीचं गिऱ्हाईक भाव नंतर विचारतं. आधी विचारतं, "फुटली तर?" पस्तीस वर्षं नांदेडात जुन्या मोंढ्याजवळ माझं दुकान होतं, आणि या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं होतं. "फुटली तर मी पुसायला येतो, तुम्ही फक्त फडकं द्या." गिऱ्हाईक हसलं की समजायचं, टाकी खपली.

आमचा धंदा म्हणजे काच, पाणी आणि धीर. पहिल्या दोन गोष्टी बाजारात मिळतात. धीर मला देगलूरच्या एका हॉटेलवाल्यानं शिकवला. त्याची सहा फुटी टाकी मी दुकानातच जोडली, गाद्यांत गुंडाळून टेम्पोनं नेली, आणि दारात गेल्यावर कळलं की टाकी दारापेक्षा दोन बोटं रुंद आहे. माप मी टाकीचं घेतलं होतं, दाराचं घेतलंच नव्हतं! हॉटेलवाला भला माणूस. म्हणाला, "असू द्या, भिंत पाडू. तसंबी उजेड कमीच येतोय." तेव्हापासून मोठी टाकी मी जागेवरच जोडतो. हदगावच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात पेशंट काचेवर बोटांनी टकटक करायचे, मासे घाबरून मरायचे. डॉक्टरांनी पाटी लावली, 'टकटक करू नये. आत ॲडमिट आहेत.' टकटक थांबली.

पण हे सगळं गोड्या पाण्याचं झालं. गोडं पाणी म्हणजे बालवाडी हो. खरी परीक्षा खाऱ्या पाण्याची, जिवंत प्रवाळांची. ती परीक्षा मी दिली उदगीरला, आणि तीही कुठल्या वर्षी? ज्या वर्षी लातूरला आगगाडीनं पाणी आणावं लागलं त्या वर्षी. माझी बायको म्हणाली होती, "लोकांला प्यायला न्हाई अन् तुम्ही समुद्र बांधून राहिले. दगडं खाऊन येसाल." बायकोचं म्हणणं तसं बरोबरच होतं.

झालं असं की उदगीरचे मन्मथप्पा, कापडाचे जुने व्यापारी, यांनी बसस्टँडजवळ तीन मजली लॉज बांधलं. कामून? तर उदगीर जिल्हा होणार. तेव्हा तिथं चहाच्या टपरीपासून मठापर्यंत हीच चर्चा. कलेक्टर येणार, एसपी येणार, त्यांच्याकडं कामाला माणसं येणार, ती उतरणार कुठं? अप्पांच्या लॉजात. आणि आत शिरल्या शिरल्या त्यांना काय दिसणार? समुद्र.

"मासेवाले," अप्पा मला म्हणाले, "मला ते तांबडे-पिवळे मासे नकोत. ते सलूनमधी बी असतेत. मला समुद्र पायजे. खारा."

मी म्हटलं, "अप्पा, समुद्र लई नखऱ्याचा असतो."

"जिल्ह्याच्या ठिकाणी नखरे लागतेतच की."

ही झाली वरवरची गोष्ट. खरी गोष्ट दुसऱ्या खेपेला कळली. अप्पांची आई, सगळे तिला अव्वा म्हणत, ऐंशीच्या पुढची, गळ्यात लिंग, कमरेला चंची, हातात काठी. तिच्या नवऱ्यानं तिला रामेश्वराला नेतो म्हणून सांगितलं होतं. दुकानातून सवड मिळेना मिळेना करत ते वारले. पुढं गुडघ्यांनी दगा दिला. अव्वाला आता लातूरपर्यंतसुद्धा गाडीत बसवत नव्हतं. समुद्र बघायचा राहूनच गेला. म्हणून अप्पांनी ठरवलं होतं की अव्वा समुद्राकडं जात नसेल तर समुद्रच बसस्टँडवर आणायचा. पण हे ते बोलून दाखवत नव्हते. जिल्हा, कलेक्टर असंच बोलत होते. मोठी माणसं अशीच असतात.

आता ज्यांना या धंद्यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आठ फूट लांब, अडीच रुंद, अडीच उंच अशी टाकी. काच, पाणी, दगड मिळून वजन दोन टन. म्हणजे चार म्हशी त्या कोपऱ्यात कायमच्या उभ्या, रात्रंदिवस, न हलता. म्हणून आधी जमीन बघायची, मग काच. टाकीच्या खाली लपवलेली दुसरी टाकी, तिच्यात घाणीचा फेस काढायचं यंत्र. वर दिवे, कारण प्रवाळाला झाडासारखा उजेड लागतो. समुद्रातला खडक काढायला कायद्यानं बंदी आहे, आणि ती असायलाच पाहिजे. म्हणून तयार सच्छिद्र दगड आणून त्यांचा डोंगर रचायचा. मग पाणी भरायचं, मीठ घालायचं आणि दीड-दोन महिने नुसतं बघत बसायचं. दगडात डोळ्याला न दिसणारे जिवाणू वाढतात, तेच पुढं माशांची घाण पचवतात. तोवर टाकी रिकामीच. या दोन महिन्यांत गिऱ्हाईक वेडं होतं. अप्पा रोज फोन करायचे, "मासेवाले, लोकं इचारतेत, दगड पाळलेत का म्हणून."

मिठाचाही प्रश्न यायचाच. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, समुद्राचे सगळे क्षार असलेलं वेगळं मीठ येतं, लिटरला पस्तीस ग्रॅम. आणि ज्या पाण्यात ते घालायचं ते अगदी शुद्ध लागतं. फिल्टरच्या यंत्रातून काढायचं. तिथं खरी मेख होती. ते यंत्र चार हंडे पाणी पितं, एक हंडा शुद्ध देतं, तीन बाहेर फेकतं. मला दीड हजार लिटर हवं होतं. करा हिशेब. गावात नळाला वीस-वीस दिवस पाणी नाही, गल्लीगल्लीत टँकरपुढं घागरींची रांग, आणि मी तीन हिस्से पाणी गटारात सोडणार? मी अप्पांना सरळ सांगितलं, "औंदा नको. पाऊस पडू द्या."

अप्पा म्हणाले, "अव्वा पुढच्या पावसाची वाट बघंल का, ह्ये कोण सांगावं?"

लॉजला स्वतःची बोअर होती, सातशे फूट. पाणी जड होतं, डाळ शिजायची नाही, पण पाणी होतं. तोड काढली खाजाभाईंनी. खाजाभाई लॉजचे मॅनेजर, हिशेबापासून चादरीपर्यंत सगळं बघणारे, माझ्याच वयाचे. म्हणाले, "साब, फेंकने का कायकू? भार टाकी बांधो, नल लगाओ." बाहेर रस्त्याच्या कडेला सिमेंटची टाकी बांधली, यंत्रानं टाकलेलं पाणी तिच्यात सोडलं, तोटी लावली. प्यायला नव्हतं ते, पण भांडी, धुणं, म्हशी, सगळ्याला चालायचं. तिसऱ्या दिवशी रांग लागली. बाया त्याला माशाचा नळ म्हणायला लागल्या. मी दगडं खायला गेलो होतो, मला दोन घरांतून ज्वारीची भाकर आणि पेंडपाल्याची भाजी आली! बायकोला फोन करून मुद्दाम सांगितलं.

टाकी भरली त्या दिवशी अव्वाला खुर्चीवर बसवून आणलं. तिनं काचेला हात लावला, मग म्हणाली, "चव दाव."

वाटीत पाणी काढून दिलं. तिनं बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड आंबट केलं. "उप्पु!" म्हणाली. उदगीरच्या घराघरांत कानडी आहे, उप्पु म्हणजे मीठ. मग माझ्याकडं वळली. "लेका, असाच असतोय का रं समुद्र? तू बघितलास न्हवं?"

"हाव अव्वा. रोजचंच काम हाय आमचं," मी म्हणालो.

खोटं बोललो. मासे आणायला मी वर्षातून चारदा चेन्नईला जायचो. सकाळी उतरायचं, घाऊक बाजार करायचा, ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या खोक्यात रचायच्या आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. पिशवीतला मासा फार तर दीड दिवस टिकतो. समुद्र बाजारापासून तासाभरावर आहे म्हणतात, पण मला कधी तेवढा वेळ मिळाला नाही. समुद्र विकायचो, पाहिला नव्हता. पण आठ फुटी समुद्रासमोर उभं राहून हे कसं सांगणार?

मग मासे आले. अप्पा पक्के शाकाहारी, त्यांनी पहिलाच सवाल केला, "ह्ये खातेत काय?" काही नुसतं शेवाळच खातात, काहींना गोळ्या लागतात, असं मी म्हणालो. "गोळ्यांत काय असतंय?" मी तोंड उघडणार तोच अप्पांनी हात वर केला. "ऱ्हाऊ द्या. मी इचारलं न्हाई, तुम्ही सांगितलं न्हाई." मासे जगले. मग गोगलगायी, पट्ट्यापट्ट्यांचे झिंगे, आणि शेवटी परवानगीची आयात केलेली मऊ प्रवाळं. पाण्यात त्यांची बोटं हलायला लागली तेव्हा अव्वा खुर्ची पुढं ओढून म्हणाली, "आगं बया! पोवळं जित्तं असतंय व्हय? अन् आपण अंगठीत घालतो."

टाकीचं रोजचं काम खाजाभाईंकडं. मी त्यांना एकच गोष्ट दहादा बजावली होती. पाणी उडून कमी झालं की फक्त यंत्राचं शुद्ध पाणी टाकायचं, कारण मीठ उडत नाही, ते मागंच राहतं. आणि एसीतून ठिबकतं ते पाणी चुकूनही नाही. ते दिसतं स्वच्छ, पण तांब्याच्या नळ्यांवरून येतं. तांबं माशाला एकवेळ चालतं, पण प्रवाळाला, झिंग्याला, गोगलगायीला ते विष. अगदी चिमूटभरसुद्धा.

उन्हाळा सरत आला, पाऊस लांबला आणि फोन आला. गोगलगायी काचेवरून पडायला लागल्या होत्या. मी गेलो. दोन झिंगे उताणे, प्रवाळं मिटून गोळा झालेली, मासे मात्र मजेत. खारटपणा मोजला, बरोबर. तापमान बरोबर. नांदेडहून तांबं तपासायचं औषध मागवलं, पाण्यात चार थेंब टाकले आणि रंग बदलला.

माझं डोकंच सणकलं. चार माणसांसमोर मी खाजाभाईंवर घसरलो. "सांगितलं होतं ना, एसीचं पाणी टाकू नका? पाणी वाचवायला गेले अन् टाकी मारली!"

"नै साब, मई नहीं डाला. अल्ला कसम."

"मग काय आभाळातून पडलं तांबं?"

खाजाभाईंनी किल्ल्या काउंटरवर ठेवल्या आणि आत निघून गेले. मी निम्मं पाणी बदललं, तांबं शोषून घेणाऱ्या पिशव्या सोडल्या. आठ दिवसांनी तपासलं तर तांबं पुन्हा हजर. वर आणखी एक प्रवाळ गेलं होतं. अव्वा रोज त्या मिटलेल्या प्रवाळासमोर बसायची, मी गेलो की विचारायची, "लेका, ह्ये रुसलं कामून रं?" माझा एकुलता एक समुद्र, आणि तो बसस्टँडवर सगळ्या गावादेखत मरत होता.

त्या रविवारी मी लॉजातच मुक्काम केला. सोमवारी सकाळी लवकर जिना उतरलो आणि पायरीवरच थांबलो. टाकीपुढं खाजाभाईंनी स्टूल धरलं होतं. स्टुलावर अव्वा. एका हातानं टाकीची कड धरलेली, दुसऱ्या हातात चंचीतून काढलेलं काहीतरी. तिनं ते कपाळाला लावलं, डोळे मिटून पुटपुटली आणि दगडांच्या मागं पाण्यात सोडलं.

"अव्वा, थांबा!" मी ओरडलो. अव्वा दचकली, खाजाभाईंनी तिला सावरलं.

बाही वर करून मी दगडामागं हात घातला. वाळूत बोटांना गोल गोल लागलं. एकेक काढून टेबलावर ठेवलं. निजामाच्या वेळचे तांब्याचे जाड पैसे, हिरवे पडलेले. एकूण अकरा.

गोदावरीच्या पुलावर गाडी आली की डब्यातला प्रत्येक माणूस खिडकीतून नाणं टाकतो. मीही टाकतो, आजपर्यंत कधी चुकलो नाही. पाणी दिसलं की पैसा सोडायचा, हे आमच्या हाताला शिकवावंच लागत नाही. आणि तरी माझ्या डोक्यात आलं नाही की आठ फुटी का असेना, अव्वाच्या लेखी तो समुद्र आहे.

"हे पैसे माझ्या सासूचे," अव्वा खाली बसून म्हणाली. "रामेश्वराला जाताना समुद्राला द्यायचे म्हणून ठिवले हुते. पाऊस समुद्रातून येतो म्हणतेत. म्हणून नवस बोलले, अकरा सोमवार अकरा पैसे, पाऊस दे. आज अकरावा हुता." आणि मग टेबलाकडं बघून हळूच म्हणाली, "दिलेलं परत काढू न्हाई रं लेका."

पण सांगणं भाग होतं. तांबं म्हणजे काय, प्रवाळ का मिटलं, सगळं सांगितलं. अव्वानं ऐकून घेतलं. मिटलेल्या प्रवाळाकडं बघितलं. म्हणाली, "म्हादेवानं समुद्राचं इख पिलं. अन् मी त्याचं नाव घिऊन समुद्रातच इख घातलं की रं."

"अव्वा, तसं न्हाई. हा समुद्र लहान हाय. अजून लेकरू हाय. मोठ्याला चालतं, याला न्हाई."

"मग माझं बोललेलं?"

मी खाजाभाईंकडं वळलो. "तुम्हाला माहीत होतं. त्या दिवशी एवढं बोललो तरी सांगितलं न्हाई?"

"अव्वा की मन्नत थी साब. मन्नत बोल के दिखाते क्या? अन तुम एसी का पानी बोले, पैसे का कब बोले?"

बरोबर होतं. औषधाच्या बाटल्या माझ्या, अक्कल त्यांची. मी लॉजातली माणसं बोलावून सगळ्यांसमोर हात जोडले. ज्या चार माणसांसमोर बोललो होतो त्यातली दोन त्या दिवशी नव्हती, ही रुखरुख मला अजून आहे. खाजाभाई म्हणाले, "छोडो साब, चाय पिओ." आणि पुढं वर्षानुवर्षं मी लॉजात शिरलो की गल्ल्यावरून विचारायचे, "साब, एसी बंद करूं?"

टाकी वाचवायला आणखी दोनदा पाणी बदलावं लागलं. यंत्र चार दिवस चालू, बाहेर माशाचा नळ भरून वाहतोय. बाया अप्पांना म्हणाल्या, "अप्पा, मधून मधून मासे आजारी पाडत जावा की!" झिंगे सगळे गेले, तीन प्रवाळं गेली. बाकीची तीन आठवड्यांनी उघडली. तो समुद्र तिथं अजून आहे. उदगीर जिल्हा मात्र मी हे लिहीपर्यंत तरी झालेला नाही. लॉज चालतं ते लग्नांवर आणि लांबून समुद्र बघायला येणाऱ्या पोरांच्या सहलींवर.

पण ते पुढचं. त्या सोमवारी अव्वा जेवली नाही. दुपारी मी तिच्यापुढं बसलो आणि म्हणालो, "अव्वा, पैसे माझ्याकडं द्या. मी पुढच्या आठवड्यात चेन्नईला जाऊन राहिलो. मोठ्या समुद्रात टाकतो, तुमच्या नावानं."

"रामेश्वराचा अन् तिथला एकच का?"

"एकच. मधी भिंत न्हाई."

तिनं अकरा पैसे चिंचेनं घासून लख्ख केले, फडक्यात बांधले, माझ्या हातात ठेवून वर आपली मूठ मिटवली. "सोमवारीच टाक," म्हणाली.

पुढच्या सोमवारी चेन्नईला उतरलो. आयुष्यात पहिल्यांदा बाजार सोडून रिक्षा दुसरीकडं वळवली. चपला हातात घेऊन वाळूतून चालत गेलो आणि समोर तो दिसला. काय सांगू? ज्याला कडाच नाहीत असं पाणी मी पाहिलंच नव्हतं. कुठं काच नाही, कुठं जोड नाही, पंप नाही, आणि एवढ्या लाटा! पन्नाशी उलटलेला माणूस, पण मी तिथं तोंड उघडं टाकून उभा राहिलो. लाट आली, पँट गुडघ्यापर्यंत भिजली तरी हललो नाही.

मग फडकं सोडलं. पैसे हातात घेतले आणि खरं सांगतो, हात थबकला. तांबं! पाण्यात तांबं टाकायचं म्हणजे अंगावर काटा आला. मनातल्या मनात हिशेब सुरू झाला, एवढं पाणी, एवढे पैसे. मग माझं मलाच हसू आलं. एवढ्या टाकीला अकरा पैशांनी काय होतंय!

खाजाभाईंना फोन लावला. त्यांनी फोन अव्वाच्या कानाला लावला. मी माझा फोन लाटेकडं धरला.

"ऐकू येतंय का अव्वा?"

"येतंय. गाडीवाणी वाजतंय." मग, "लेका, खरं सांग. तू आजच बघितलास न्हवं?"

म्हातारीला पहिल्या दिवसापासून कळलं होतं की काय, देव जाणे.

"हाव अव्वा. आजच."

"असू दे. आदी चव बघ. समुद्रच हाय का बघ. उगं कुठल्या तळ्यात टाकशील."

वाकलो, बोट बुडवलं, जिभेला लावलं.

"कसं हाय?"

"उप्पु."

"आपल्यावाणीच हाय का?"

पस्तीस वर्षांत माझ्या कामाची पारख अशी कुणी केली नव्हती.

"हाव अव्वा, अगदी आपल्यावाणीच."

"मग टाक," अव्वा म्हणाली.